विहिरीचं पाणी, सुंगटाचा तुकडा आणि पहिले सहा झेब्रा

टाकी भरली, फिल्टर सुरू झाला, पाणी नितळ दिसायला लागलं की घरातला प्रत्येक जण एकच विचारतो, मासे कधी? माझं उत्तर ठरलेलं होतं: पाणी तयार झालं की. ते कोणालाच पटत नव्हतं. पाणी आमच्याच विहिरीचं, जांभ्या दगडातून झिरपून आलेलं, आम्ही रोज पितो तेच. त्यात आणखी तयार व्हायचं काय राहिलं?

जे राहिलेलं असतं ते डोळ्यांना दिसत नाही. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. व्हाळात तो वाहत्या पाण्याबरोबर विरून जातो, आणि दगडांवर, चिखलात, मुळांवर बसलेले जिवाणू उरलेल्याचा बंदोबस्त करतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइटमुळे रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. नायट्रेट त्यामानाने सौम्य, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच, आणि पुरेसे वाढायला त्यांना साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी आणले, आठ-पंधरा दिवसांत एकेक मासा उलटा झाला, आणि मग "आमच्या हाताला मासे लाभत नाहीत" असं म्हणून टाकी माळ्यावर गेली, अशी घरं आमच्या वाडीतही आहेत. मला वाईट वाटतं ते याचंच. त्या लोकांचं माशांवर प्रेम होतं, फक्त त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं.

जिवाणू वाढवायचे तर त्यांना अमोनिया हवा, पण मासा तर अजून आणायचा नाही. यासाठी बाटलीतला शुद्ध अमोनिया वापरतात, माशांचं खाणं चिमूटभर टाकूनही चालतं. मी सोललेल्या सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा, तुकडा जुन्या नायलॉनच्या मोज्यात बांधून पाण्यात सोडला. सासूबाई बघत होत्या. "सुंगटां खावची की अशी कुसवची गो?" त्यांचा राग अगदी रास्त होता, बाजारात त्या आठवड्यात सुंगटांना हात लावायची सोय नव्हती. मी त्यांना शेजारी बसवून टेस्ट किटची नळी दाखवली. पाच मिलिलिटर पाणी, मोजून थेंब, थोडा वेळ थांबायचं: अमोनिया नसेल तर पिवळा रंग, असेल तर हिरवा, जितका जास्त तितका गडद. त्यानंतर रोज सकाळी चहाबरोबर त्यांचा प्रश्न यायचा, आज पिवळा की हिरवा? हिरवा ओसरायला लागला तेव्हा नायट्राइटची नळी जांभळी झाली, आणि हा जांभळा रंग लवकर जात नाही. इथेच लोकांचा धीर सुटतो. दोन्ही शून्यावर आले आणि नव्याने दिलेला अमोनिया एका दिवसात साफ व्हायला लागला, तेव्हाच मी सासूबाईंना म्हटलं, आई, झालं पाणी.

आपल्याकडच्या पाण्याची एक गोष्ट बाहेरच्या व्हिडिओंमध्ये कुठे सांगत नाहीत. जांभ्यातलं पाणी मृदू असतं, त्यात क्षार कमी. अशा पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, हळूहळू खाली घसरतो, आणि तो साडेसहाच्या खाली गेला की हे जिवाणू सुस्तावतात. दुकानात यावर महागडी पुडी मिळते. आमच्याकडे तिसऱ्यांची आमटी झाली की शिंपल्यांचा ढीग पडतो. त्या घासून, उकळून, उन्हात खडखडीत वाळवून मूठभर फिल्टरमध्ये ठेवल्या. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पाणी आम्ल व्हायला लागलं की थोडी थोडी विरघळते आणि पीएच सावरून धरते. तळाला मात्र समुद्राची वाळू घालू नका. तिच्यात मीठही असतं आणि शिंपल्यांचा चुराही, किती ते आपल्या हातात राहत नाही. नदीची जाड वाळू, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुतलेली, सगळ्यात बरी.

पहिले मासे कोणते यावर घरात बरीच चर्चा झाली. धाकट्याला गोल्डफिश हवा होता. गोल्डफिश हातभर वाढू शकतो आणि घाणही भरपूर करतो. आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण साडेछप्पन्न लिटर. तिच्यात त्याचे हाल झाले असते. मी सहा झेब्रा डॅनिओ घेतले. मासा आपल्याच देशातला, १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. संथ ओहोळात आणि भातशेतीच्या कडेच्या पाण्यात राहणारा, म्हणून पाण्यातले आणि तापमानातले चढउतार सोसणारा. जगभरच्या प्रयोगशाळांतही याच्यावर संशोधन चालतं. थव्याने राहतो, एकटादुकटा ठेवला तर बुजतो किंवा दुसऱ्याला छळतो. आणि उड्या मारतो, तेव्हा झाकण हवंच.

कुडाळहून पिशवी आणली ती मासळीच्या, पण स्वच्छ धुतलेल्या थर्माकोलच्या खोक्यात. एप्रिलच्या उन्हात पिशवीतलं पाणी बघता बघता तापतं, आणि खोक्यातल्या अंधारात मासे शांतही राहतात. घरी आल्यावर टाकीचा दिवा बंद केला आणि बंद पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, वीसेक मिनिटं. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी आत. हे काम तासन् तास लांबवायचं नसतं. बंद पिशवीत माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया कमी घातक रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया बाधायला लागतो. अर्ध्या तासात आटपलं, जाळीने मासे उचलून टाकीत सोडले, पिशवीतलं पाणी माडाच्या मुळात ओतलं.

सुरुवातीला सहाही जण फिल्टरच्या मागच्या कोपऱ्यात, तळाशी, एकमेकांना चिकटून. रंग इतके उतरलेले की पट्टे जेमतेम कळत होते. धाकटा रडवेला झाला, "काळे पट्टे गेले." जात नाहीत, घाबरलेला मासा फिकट पडतो. रात्री जेवणं झाल्यावर बॅटरी न मारता, नुसत्या खोलीच्या उजेडात बघितलं, तर एक जण काचेशी आला होता. जवळून बघितलं की पट्टा काळा नसतोच, गडद निळा असतो, आणि दोन निळ्यांच्या मधली रेघ सोनेरी. ते पट्टे अंगावर संपत नाहीत, शेपटीच्या पात्यातही थेट टोकापर्यंत जातात. ओठांपाशी केसाएवढ्या बारीक मिशा. बाजारात टोपलीत वर्षानुवर्षं मासे बघितलेल्या सासूबाई चष्मा लावून बराच वेळ खाली वाकून होत्या.

पहिल्या दिवशी खायला दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दोन बोटांच्या चिमटीत मावेल त्याहून कमी, दोन मिनिटांत संपेल एवढंच. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही मी अजून रोज तपासते, कारण जिवाणूंची संख्या सुंगटाच्या तुकड्यावर वाढलेली, आता खाणारी तोंडं वेगळी. दुसरे मासे आणायचे ते हे आकडे दोन-तीन आठवडे शून्यावर टिकल्यावरच, आणि तेही थोडे थोडे.

आता काळजी पावसाची आहे. जूनमध्ये ग्रामपंचायतीचे लोक विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून जातात. पिण्याच्या पाण्यासाठी ते हवंच, पण त्यातला क्लोरीन माशांनाही मारतो आणि जिवाणूंनाही. म्हणून पडवीत निळा ड्रम ठेवलाय. पावडर पडायच्या आत तो भरून ठेवायचा, आणि तो संपला की पुढचं पाणी एक-दोन दिवस उघडं ठेवून, क्लोरीन तपासायची पट्टी बुडवून बघितल्यावरच टाकीत घालायचं. टाकीच्या पंपाला बॅटरीही जोडून घेतली आहे, आमच्याकडे वाऱ्यापावसात वीज गेली की लवकर येत नाही.