कॅम्परवर ताडपत्री? नकोच
कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, काही महिने उभी राहणार म्हटलं की लोक आधी ताडपत्री शोधतात. मला ती अजिबात पटत नाही. आतला दमटपणा आतच कोंडतो, शिवाय वाऱ्यावर फडफडून तिच्या कड्या रंग खरवडतात ते वेगळंच. हवा खेळती ठेवणारं कापडी कव्हर घ्या. छताच्या कोपऱ्यांना, शिडीला जुने टॉवेल गुंडाळून मगच ते चढवा, नाहीतर नेमकं तिथेच फाटतं. त्याआधी छतावरच्या झरोक्याभोवतीच्या सीलंटवरून (फट बुजवणाऱ्या लेपावरून) बोट फिरवून बघायचं. केसाएवढी भेग असली तरी पाणी झिरपतं, आणि आपल्याला कळतं ते प्लायवूड फुगल्यावर. टायरही झाका, उन्हाने रबराला चिरा पडतात. फ्रिजचं दार मात्र उघडंच राहू द्या. बंद फ्रिजचा तो वास... जाऊ दे.