तुम्ही विचारलंत म्हणून : फोटोतले ते दोघे

माझ्या ऑफिसात नवा माणूस आला की आधी पाणी पितो, मग भिंतीकडे बघतो. "मॅडम, हे कोण? वडील का तुमचे?" फोटोत दोन मिशीवाले गृहस्थ शेजारीशेजारी बसलेत. एक दुसऱ्याच्या कानाशी झुकलाय आणि दोघंही गालातल्या गालात हसताहेत. दुसरा प्रश्न जाता जाता, दाराशी पायात चपला अडकवताना येतो : "मोक्काच्या केसेस चालवता, घरच्यांना भीती नाही वाटत?" (मोक्का म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा.) दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. पण ते सांगायला बसलं की शिपाई पुकारा करतो आणि राहून जातं. म्हणून आज लिहून टाकते.

डावी-उजवी सोडा, नावं सांगते : जोव्हानी फाल्कोने आणि पावलो बोर्सेलिनो. इटलीत माफिया या गुन्हेगारी संघटनेवर खटला उभा करणारे दोन न्यायाधिकारी. सिसिलीतल्या पालेर्मो शहरातल्या काल्सा या जुन्या मोहल्ल्यात लहानाचे मोठे झाले. बोर्सेलिनोच्या घरचं औषधांचं दुकान होतं. याने कायद्याची पदवी घेतली आणि काही दिवसांतच वडील गेले. दुकानाचा परवाना हातचा जाऊ नये म्हणून धाकट्या बहिणीची फार्मसीची पदवी होईपर्यंत घराने ते दुकान कसंबसं टिकवलं. (हे वाचलं तेव्हा मला आमच्या मामाचं किराणा दुकान आठवलं. जगभर थोरल्या भावांना हेच करावं लागतं बहुतेक.) तिकडे सरकारी वकील आणि न्यायाधीश एकाच सेवेतले. त्यामुळे या दोघांचं काम म्हणजे आपल्याकडचा तपास अधिकारी आणि सरकारी वकील यांची मिसळ.

त्यांचा कायदा 1982चा. माफियाचा सभासद असणं हाच गुन्हा, तीन माणसं पुरेत. आपला मोक्का 1999चा. आपल्याला दोन माणसं चालतात, पण टोळीवर मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त दोषारोपपत्रं लागतात. कायदा वाचायला सोपा. तो कोर्टात उभा करायचा म्हणजे कागद, कागद आणि कागद.

आणि कागदावरून मुद्द्याची गोष्ट. 1985च्या उन्हाळ्यात पालेर्मोत दहा दिवसांच्या आत दोन पोलिस अधिकारी मारले गेले. पुढचा नंबर या दोघांचा, अशी खबर आली. मग सरकारने त्यांना कुटुंबकबिल्यासह उचललं आणि आसिनारा नावाच्या बेटावर नेऊन ठेवलं. ते बेट म्हणजे तेव्हा तुरुंग! बोर्सेलिनोबरोबर बायको आन्येझे आणि तीन मुलं, ल्युचिया, मानफ्रेदी, फियाम्मेत्ता. फाल्कोनेबरोबर त्याची जोडीदार फ्रांचेस्का मोरव्हिल्लो, ती स्वतःही न्यायखात्यातलीच, आणि तिची आई. गुन्हेगार पालेर्मोत मोकळे आणि खटला लिहिणारे तुरुंगाच्या बेटावर. तिथे बसून जे लिहून काढत होते ते पुढे आठ हजारांहून जास्त पानांचं झालं आणि त्यातून 475 आरोपी उभे राहिले. महिनाभराने परत निघाले तेव्हा सरकारने राहण्याजेवण्याचं बिल हातात ठेवलं. दोघांनी भरलं.

आमची प्रवासभत्त्याची बिलं कुठे अडकतात हे मला पक्कं माहीत आहे, त्यामुळे मला या गोष्टीचं नवल वाटलं नाही. पण बिल तिथे थांबलं नाही, म्हणून हा फोटो.

खटला फेब्रुवारी 1986 मध्ये उभा राहिला, तुरुंगाला लागून खास बांधलेल्या काँक्रीटच्या कोर्टात. डिसेंबर 1987 मध्ये निकाल : 19 जन्मठेपा, आणि बाकीच्यांच्या शिक्षांची बेरीज 2665 वर्षं. 114 जण सुटलेही. मी ज्युनियरना मुद्दाम हा आकडा सांगते. 30 जानेवारी 1992 ला सर्वोच्च पातळीवर निकाल कायम झाला. फोटो त्याच वर्षीच्या मार्चमधला आहे. 23 मे रोजी विमानतळावरून येताना कापाची गावाजवळ महामार्गाखाली स्फोट झाला. फाल्कोने, फ्रांचेस्का आणि तीन अंगरक्षक गेले. या जोडप्याला मूल नव्हतं.

बोर्सेलिनोला त्यानंतर 57 दिवस मिळाले. 19 जुलै, रविवार. दुपारी तो आईकडे गेला, तिला डॉक्टरकडे न्यायचं होतं. व्हिया दामेलिओ या तिच्या रस्त्यावर दाराशी स्फोटकांनी भरलेली छोटी फियाट उभी होती. तो आणि त्याच्याबरोबरचे पाच पोलिस गेले, त्यांत एमानुएला लोई ही चोवीस वर्षांची मुलगी. आन्येझेने सरकारी इतमामाचा अंत्यविधी नाकारला. नवऱ्याला साध्या चर्चमधून निरोप दिला.

त्यापुढचं तर मला वकील म्हणून जास्त टोचतं. पोलिसांनी या दुसऱ्या स्फोटासाठी एक फुटकळ गुन्हेगार धरला, त्याचा कबुलीजबाब घेतला आणि त्यावर माणसं जन्मठेपेला गेली. 2008 मध्ये गास्पारे स्पातुत्सा या खऱ्या सामील माणसाने तोंड उघडलं, तेव्हा तो जबाब बनावट निघाला. निरपराध माणसं तोवर वर्षानुवर्षं आत होती. धाकटी फियाम्मेत्ता आजही जाहीरपणे जाब विचारते, आणि तो माफियाला कमी, बापाच्या खात्यातल्या माणसांना जास्त. मानफ्रेदी पोलिसात गेला, हेही सांगून ठेवते. मोक्काचं कलम 18 पोलिस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब ग्राह्य धरतं. माझ्या फाइलमध्ये असा जबाब आला की मी आधी या फोटोकडे बघते, मग वाचायला घेते.

आता दुसरा प्रश्न. माझी त्यांच्याशी काही बरोबरी नाही, उगाच गैरसमज नको. एका केसमध्ये दोन निनावी पत्रं आली, तेवढंच. मग दोन वर्षं एक हवालदार माझ्याबरोबर आणि एक घराच्या फाटकाशी. सासूबाईंना भीती वाटली का? त्यांना काळजी फाटकावरच्या भाऊंच्या चहात साखर किती, याची. नवरा म्हणायचा, बरं झालं, कुरियर घ्यायला माणूस झाला. मला वाटलं, घराने पचवलं.

लेक तेव्हा दहावीत होती. फाटकावरचे काका ड्युटीत बसत नसतानाही तिला क्लासपर्यंत सोडायचे. एक दिवस तेच संकोचत म्हणाले, "मॅडम, ताई मला वीस पावलं मागून चालायला सांगतात. मैत्रिणी हसतात म्हणे. मी चालतो, पण तुम्हाला माहीत असावं." वाढदिवसांना जाणं तिने कधीच बंद केलं होतं. मला पत्ता नव्हता, मी उलटतपासणीची तयारी करत होते.

संरक्षण काढून सहा वर्षं झाली. परवा आम्ही दोघी मंडईत गेलो होतो. रस्ता ओलांडायच्या आधी तिने थांबून मागे वळून बघितलं. "कोण आहे गं?" मी विचारलं, आणि माझाच घसा कोरडा पडला.

"कोणी नाही. सवय. काका मागे राहिले का बघते."