चौदावी स्लाइड

शुक्रवार, रात्री उशिरा

आज कलेच्या इतिहासाचा पेपर होता, स्लाइड ओळखायचा. चौदाव्या स्लाइडवर दगडात कोरलेलं जोडपं होतं, तिला मी 'कान्हेरी, लेणं क्र. 3' लिहिलं. अगदी ठामपणे, खाली रेघ मारून. ती कार्ल्याची निघाली.

मार्कांचं एवढं नाही. 20 स्लाइड, प्रत्येकीला दोन मिनिटं, त्यात स्थळ, काळ, माध्यम, शैली. या पेपरात सगळ्यांचेच मार्क जातात. पण कार्ला? माझं जावळ तिथे काढलंय. दर चैत्रात पालखीबरोबर त्या पायऱ्या चढतो आम्ही. एकवीरा आईचं देऊळ चैत्याच्या, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या लेण्याच्या, अगदी तोंडाशी. तिथे रांगेत तासन्‌तास उभी राहिलेय मी, आणि तीच भिंत पडद्यावर आली तेव्हा ओळखली नाही.

घरी येऊन पाणी घ्यायला गेले तर फ्रिजच्या वर टांगलेला फोटो समोर. चैत्याच्या व्हरांड्यात काढलेला, सगळे दाटीवाटीने उभे. आत्याच्या खांद्यामागे दगडातलं तेच जोडपं. सहा वर्षं ते आमच्या स्वयंपाकघरात आहे.

मग रडू आलं. या विषयाला मी पुरी पडत नाही असं वाटलं. रात्र रात्र इंग्रजी पानं वाचायची, दर ओळीला शब्दकोश उघडायचा. वर्गातल्या बाकीच्यांच्या घरी लहानपणापासून चित्रांची पुस्तकं. पपा विचारतात, यातून पुढे काय... ते आज नको.

जेवणानंतर वही उघडली. कान्हेरीचा तो चैत्य नंतरचा, दुसऱ्या शतकातला, आणि कार्ल्याच्याच धर्तीवर कोरलेला. व्हरांड्यातली जोडपीसुद्धा. म्हणजे मी अगदीच अंधारात दगड मारला नव्हता. पण कान्हेरीच्या कारागिरांनी कार्ला बघितला होता, नीट. कार्ल्याची माणसं भरल्या अंगाची, आता श्वास घेतील अशी. कान्हेरीची तीच माणसं ताठरलेली. हा फरक आज मला वहीतून कळावा, याचं वाईट वाटतंय. अजूनही वाटतंय.

आतलं एक मात्र पक्कं आठवतं. आजोबा मला खांद्यावर घेऊन वर दाखवायचे: बघ, उलटी होडी. छताला लाकडाच्या कमानी आहेत, मूळच्याच, जवळपास 2000 वर्षं टिकलेल्या. दर्याचा माणूस, त्यांना पहिल्यांदा लाकूडच दिसलं. खांबांवरचे लेख आम्हाला कोणाला वाचता येत नव्हते. धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी, म्हणजे तेव्हाच्या ग्रीकांनी, दिलेले खांब आहेत त्यात, हे मला कॉलेजात कळलं. पण वर बघायचं, हे त्यांनीच शिकवलेलं.

आत्ता फोटो खाली काढून दिव्याजवळ धरलाय. बाईच्या पायात जाड वाळे आहेत. पुरुषाचा हात तिच्या खांद्यावर असावा, पण नेमका आत्याच्या अंबाड्याने झाकलाय.

आजीला सांगून ठेवलं, चैत्रात रांगेत माझी जागा धर, मी आधी व्हरांड्यात जाऊन येईन. कशाला, ते तिने विचारलं नाही. म्हणाली, ऊन व्हायच्या आत जा.