शीड शिवणाऱ्याने आधी विचारलं, होडीत बसतं कोण?

आपण होऊन जास्त खर्च करायला निघालेल्या गिऱ्हाइकाला "एवढं घेऊ नका" म्हणणारा विक्रेता मला इंग्लंडात भेटला, आणि तेव्हापासून मी ते ज्याला त्याला सांगत सुटलो आहे. आज तुमचा नंबर.

आमची होडी तुम्ही फोटोत पाहिलेली आहेच. वेफेअरर जातीची, शिडाची, सोळा फुटी, इयान प्रॉक्टरने 1957 साली आखलेल्या नमुन्याची. केबिन नाही, इंजिन नाही, चौघं दाटीवाटीने मावतात. ती आम्ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, चिचेस्टरच्या बंदरात ठेवतो. तिचं मोठं शीड बदलायचं ठरलं तेव्हा आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "फाटलंय का?" फाटलं नव्हतं. उसवलंही नव्हतं. "मग कशाला रे?"

आई, आता नीट सांगतो. शीड म्हणजे सपाट चादर नव्हे. कापडाचे पट्टे जोडताना त्यांच्या कडा किंचित गोलाईत कापतात, म्हणून शिवून झाल्यावर शिडाला पोट येतं. वारा त्या पोटावरून वळतो आणि होडी पुढे ओढली जाते. मोठ्या शिडात हे पोट डोलकाठीपासून साधारण 40-45 टक्क्यांवर सगळ्यात खोल असावं लागतं. पण ऊन आणि फडफड यांनी कापडाला दिलेला राळेचा लेप मोडत जातो, कापड ताणतं, आणि पोट मागे सरकतं. मग वाऱ्याचा जोर होडी पुढे नेण्याऐवजी तिला कलवण्यात खर्ची पडतो, आणि सुकाणूची दांडी सतत हाताला ओढत राहते. पाहायची रीत सोपी आहे. चांगला वारा असताना बूमच्या, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याच्या, मध्याखाली होडीच्या तळाशी उताणं पडायचं आणि शिडाचा सरळ वर फोटो काढायचा. आमच्या फोटोत सगळ्यात खोल जागा निम्म्याच्याही मागे गेलेली होती. नवं कापड बोटांत चुरगाळलं की करकर वाजतं, आमचं जुन्या धोतरासारखं मऊ पडलं होतं.

शीड शिवणाऱ्यांची जागा पोर्ट्समथजवळ आहे. आत शिरताना बूट काढून ठेवायचे, कारण तिथे जमीन हेच कापण्याचं मेज. हॉलभर गुळगुळीत लाकडी जमीन, आणि शिवणयंत्रं जमिनीत केलेल्या खड्ड्यांत बसवलेली. कारागीर खड्ड्यात उतरून बसतो, यंत्राची पाटी जमिनीच्या पातळीला येते, आणि ते लांबरुंद शीड न उचलता लाकडावरून सरकत सरकत सुईखाली जातं. नागमोडी टाका घालतात, म्हणजे कापड ताणलं तरी दोरा तुटत नाही. मी किती वेळ बघत उभा होतो कोण जाणे.

माझ्या डोक्यात शर्यतीचं शीड होतं, कडक लेपाच्या कापडाचं, आणि त्याबरोबर जेनोआ, म्हणजे डोलकाठीच्या पुढचं शीडही नवं. पैसे बाजूला काढलेले होते. साठीतले मालक वही घेऊन बसले आणि मापांऐवजी त्यांनी आमची चौकशी सुरू केली. होडीत बसतं कोण? मी, बायको, दोन मुलं. कुठे जाता? बंदराच्या आतच, फार तर ईस्ट हेडच्या वाळूपर्यंत. तोंडाशी उथळ पट्टा आहे, दक्षिणेचा वारा आणि ओहोटी एकत्र आली की तिथे लाटा फुटतात, हे त्यांनी मला आणि मी त्यांना एकदमच सांगितलं. शर्यतीत उतरता का? नाही. वारा वाढला की काय करता? परत फिरतो. डोलकाठी कसली, वारा भरला की किती वाकते? हे विचारलं कारण शिडाची पुढची कड त्या वाकानुसार कापावी लागते.

मग म्हणाले, शर्यतीचं शीड घेऊ नका. फिरायचं घ्या, जरा जाड आणि मऊ कापडाचं. त्याला रीफच्या, म्हणजे शीड गुंडाळून लहान करायच्या, दोन ओळी करून देतो, म्हणजे वारा चढला की शीड आखडून मुलांना घेऊन शांतपणे घरी येता येईल. खाली पारदर्शक खिडकी लावतो, पलीकडून येणारी होडी दिसली पाहिजे. आणि जेनोआ? घेऊन गेलो होतो ते त्यांनी जमिनीवर पसरलं, गुडघ्यांवर रांगत शिवणी पाहिल्या, मागच्या कडेला दोन ठिकाणी टाके घातले, आणि म्हणाले, अजून चालेल. त्या टाक्यांचे पैसे घेतले नाहीत.

आपल्याकडे अशी माणसं नाहीत असं मी म्हणणार नाही. आहेत. दादरला सराफाने माझ्या मावशीला जुन्याच बांगड्या पॉलिश करून वापर म्हणून परत पाठवलेलं आहे. पण आपल्याकडे मोठी खरेदी म्हटली की मी आधीच कंबर कसून जातो, आणि इथे कंबर सैल सोडून बसता आलं, एवढा फरक मला जाणवतो. कदाचित हा माझाच दोष असेल, देशाचा नव्हे.

आणि कोणी म्हणेल, इंग्रजांना समुद्राचं कळणारच, तर तेही पूर्ण खरं नाही. याच किनाऱ्यासमोर, आयल ऑफ वाइट बेटाला वळसा घालून, 22 ऑगस्ट 1851 रोजी झालेल्या शर्यतीत अमेरिकेहून आलेल्या 'अमेरिका' नावाच्या होडीने इंग्रजांना हरवलं. त्यांची शिडं जवसाच्या धाग्याची आणि फुगीर, हिची सुती आणि सपाट बेताची. इंग्रज आपल्या शिडांवर पाणी मारून विणीतली भोकं बुजवत. अमेरिका कप ही शिडाच्या होड्यांची नावाजलेली स्पर्धा त्या शर्यतीवरून आली. पुढे 1941 मध्ये व्हिनफील्ड आणि डिकसन या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी टेरिलीन शोधलं, आणि सुती शिडांचा काळ सरला. बाबांच्या शर्टाचं ते टेरिलीन! इस्त्री नको, चुरगळत नाही, म्हणून ज्याचं घरात कौतुक होतं, तोच धागा घट्ट विणून, राळ पाजून आमच्या डोलकाठीवर चढतो.

मालकांनी विचारलं, भारतात शीड हाकारायचास का? मी म्हटलं, आमच्या हर्णैला होड्यांवर इंजिनं आली आणि शिडं गेली, हौसेने शीड लावून फिरणं उरलं ते मोठ्या शहरांतल्या क्लबांत. हे बोलताना जरा खाली बघावंसं वाटलं. मग नौदलातल्या दिलीप दोंदे यांचं सांगितलं. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली 'म्हादेई' ही शिडाची होडी घेऊन ते 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून एकटे निघाले आणि 19 मे 2010 ला जगाला फेरी मारून मुंबईलाच परतले. मालकांनी नाव लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारलं. त्या क्षणी मला जो अभिमान वाटला तो मी लपवत नाही.

पैशांचं बोलू. मोठं शीड आठशे पौंडांच्या आसपास पडलं, वीस टक्के व्हॅट धरून. रुपयांत गुणू नका, मीही थांबलो आहे. नीट धुतलं, सुरळी करून ठेवलं, उगाच फडफडू दिलं नाही तर ते कित्येक वर्षं जातं. होडी चालवायला परवाना लागत नाही, पेट्रोल लागत नाही, आणि मुलं शनिवारभर स्क्रीनशिवाय आमच्याबरोबर असतात. इथे लोक एका आठवड्याच्या स्पेनच्या सहलीत याहून जास्त घालवतात. आम्ही यंदा स्पेनला जात नाही.

ऑर्डर ऑक्टोबरातच दिली, कारण शीडवाले हिवाळ्यात कामं कमी म्हणून सवलत देतात. शीड मार्चमध्ये येईल. त्यावर आमचाच जुना नंबर चिकटवतील, तो होडीचा असतो, शीड बदललं तरी बदलत नाही. जूनमध्ये येणाऱ्यांनी पांढऱ्या तळव्याचे बूट आणावेत आणि आईच्या गुडघ्यांना सोसेल अशी उशी मी इथेच घेऊन ठेवतो. वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट श्रेणीत वारा चारच्या वर गेला तर पहिली रीफ घेऊ, पाचच्या वर गेला तर किनाऱ्यावरच बसून डबा खाऊ.