घागरीची ऑनलाइन किंमत किती?

आमचं दुकान भांडी बाजारात, तांब्या-पितळेचं. "अजून ऑनलाइन नाही?" असं विचारणारी भाचरं दर दिवाळीला भेटतात. त्यांना वाटतं, अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मोबाइल जमत नाही. अण्णा चहाच्या आधी धातूचे भाव मोबाइलवरच बघतात.

अडचण निराळीच आहे. मोठी भांडी आम्ही वजनावर विकतो. काट्यावर ठेवायचं, आजचा दर लावायचा, वर मजुरी. ॲपवर एकच किंमत लिहून द्यावी लागते, आणि हाताने ठोकलेल्या दोन घागरी कधी एका वजनाच्या निघत नाहीत.

मग कुरिअर. बहुतेक ठिकाणी खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल, तर भाडं त्याचं. दोन किलोची घागर ४० बाय ४० बाय ४० च्या खोक्यात घातली की झाली १२.८ किलो! घागरीतल्या हवेचं भाडं भरायचं. वाटेत पोचा पडला की माल परत, तो भुर्दंडही आपलाच.

शिवाय नावं. रुखवताच्या भांड्यांवर नाव घालून लागतं. कारागीर खिळ्याने ठिपक्या-ठिपक्यांनी 'चि. सौ. कां.' उठवतो. ती घागर पसंत नाही म्हणून परत आली, तर दुसऱ्या कुठल्या नवरीला द्यायची?

कागदपत्रांचं म्हणाल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून वर्षाच्या उलाढालीच्या ठरलेल्या मर्यादेखालच्या लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय पोर्टलवर माल विकता येतो, पण फक्त राज्यातल्या राज्यात. शेजारच्या पूजासाहित्यवाल्या काकूंचं गिऱ्हाईक सुरतचं. बसल्या!

आमची विक्री व्हॉट्सॲपवर चालते, आणि बरी चालते. व्हिडिओ कॉल लावते, घागर काट्यावर ठेवते, आकड्यावर कॅमेरा धरते. समोरची बाई म्हणते, "मजुरीत काहीतरी कमी करा ना." थोडं करतो. यूपीआयने पैसे आले की नाव लिहून मागवते, वेलांटी-उकारासकट. घागर ट्रॅव्हल्सच्या डिकीतून जाते.

ॲपवर मी फक्त यंत्रावरचा, सारख्या वजनाचा माल टाकलाय. तांब्याच्या बाटल्या, फुलपात्रं, पळी-पंचपात्र. बाटल्या खपतात. कमिशन कापून हातात काय उरतं, ते अण्णा पाटीवर मांडून दाखवतात, तेही गिऱ्हाइकासमोर.