चिनी पत्रांतले इंग्रजी

सोलापुरात टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या माझ्या मामांना चीनमधील यंत्रविक्रेत्यांकडून येणारी इंग्रजी पत्रे मी वाचून दाखवतो, आणि त्यांतील चुका निष्काळजीपणाच्या नसून मातृभाषेच्या घडणीतून आलेल्या आहेत, हे मला हळूहळू उमगत गेले. 'यस्टरडे वी सेंड मशीन' हे वाक्य ऐकून मामा विचारतात, "अरे, पाठवले की पाठवणार?" चिनी भाषेत क्रियापद काळानुसार बदलत नाही, काळ 'काल', 'उद्या' अशा शब्दांतून कळतो आणि क्रिया पूर्ण झाल्याचे 'ल' हा छोटासा शब्द सुचवतो, त्यामुळे 'सेंट' हे वेगळे रूप त्यांच्या लेखणीतून सुटते. बोलताना 'ही' आणि 'शी' यांची गल्लत होते, कारण तो, ती, ते या तिन्हींचा चिनी उच्चार 'था' असा एकच आहे. लिहिताना मात्र चिन्हे वेगळी असतात. अनेकवचनाचा 'एस'ही असाच गळतो.

'ऑलदो'नंतर येणारा 'बट' मला विशेष जवळचा वाटतो. चिनीत 'स्वेइरान' आणि 'तानश' ही जोडी आपल्या 'जरी-तरी'सारखी एकत्र येते. 'अ' आणि 'द' ही उपपदे तर त्यांच्याप्रमाणे मराठीतही नाहीत, मग हसावे कोणाला? याच शहरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि तिथली भाषा शिकले. त्यांनाही उलट दिशेने अशीच कसरत करावी लागली असेल.

मामांचे उत्तर लिहिताना मी आता प्रत्येक क्रियापदाजवळ तारीख घालतो.