पबमेड फुकट आहे, मग ओविडला पैसे कशाला?

मी मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत बसते. पबमेड आणि ओविड या दोन्ही वैद्यकीय लेख शोधायच्या ऑनलाइन जागा. रेसिडेंट डॉक्टर मुलांचे सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचे आराखडे, द्यायचे दिवस आले की माझ्या टेबलासमोर हा प्रश्न ठरलेला. ‘मॅडम, पबमेड फुकट आहे, मग लायब्ररी ओविडला कशाला पैसे भरते?’ परवा खरेदी समितीतल्या एका सरांनीही विचारलं, जरा वेगळ्या सुरात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

दोन्हीकडचा माल एकच आहे. अमेरिकेत बेथेस्डाला नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन आहे, ती मेडलाइन नावाची सूची तयार करते. पाच हजारांहून जास्त जर्नल्समधल्या लेखांची शीर्षकं, लेखक, सारांश आणि प्रत्येक लेखाला लावलेले ठरावीक विषयशब्द, ज्यांना मेश म्हणतात. ही सूची ओविड, एब्स्को, वेब ऑफ सायन्स अशा पैसे घेणाऱ्या सेवा आपापल्या दुकानात मांडतात. 1997 साली त्या लायब्ररीने पबमेडचं दार सगळ्यांसाठी फुकट उघडलं. (त्याआधीचा इंडेक्स मेडिकस 1879 पासून छापून निघायचा, 2004 साली तो बंद झाला.) तेव्हा पैसे भरले की जास्त पेपर सापडतात हा समज आधी सोडा. उलट पबमेडमध्ये मेडलाइनबाहेरच्याही नोंदी असतात. ओविडमध्ये मात्र ताज्या नोंदींचा भाग निवडायचा राहिला, तर कालपरवाचे लेख दिसतच नाहीत.

फरक आहे तो शोधण्याच्या पद्धतीत.

मागे कोकणातल्या एका मुलाने विंचूदंशावर थिसिस घेतला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून या विषयात जे काम केलं, ते त्याच्या गावात घरोघरी माहीत. त्याने पबमेडमध्ये ‘स्कॉर्पियन स्टिंग’ टाकलं, ढीगभर नोंदी आल्या आणि तो खूश. मी त्याला अ‍ॅडव्हान्स्ड पानावरचे सर्च डिटेल्स, म्हणजे पबमेडने प्रत्यक्षात काय शोधलं त्याचा तपशील, उघडायला लावले. तुम्ही दोन शब्द टाकता, पण पबमेड आपल्या मनाने त्याला मेशचा शब्द जोडतं, अनेकवचन जोडतं, आणि मग शोधतं. घाईत असलेल्या माणसावर हे उपकारच आहेत. पण रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरच्या सगळ्या लेखांचा आढावा, लिहिणाऱ्याला आपण नेमकं काय शोधलं ते अक्षरशः सांगता यावं लागतं.

मग विंचवाचं नाव. आपला लाल विंचू आधी ब्युथस टॅम्युलस होता, मग मेसोब्युथस झाला, आता हॉटेंटोटा. 2011 साली बीएमजे या ब्रिटिश जर्नलमध्ये आलेल्या बावस्करांच्या चाचणीत तो मेसोब्युथस आहे. एकच नाव टाकलंत तर बाकीच्या काळातले लेख निसटायची भीती. शिवाय ब्रिटिश वळणाचे लेखक ‘एन्व्हेनोमिंग’ लिहितात, अमेरिकन वळणाचे ‘एन्व्हेनोमेशन’. ही यादी तुम्हालाच करावी लागते. ती कुठलंच दुकान करून देत नाही, कितीही पैसे भरा.

यादी झाली की मात्र ओविड कामाला येतं. एका ओळीत एक शब्द, प्रत्येक ओळीपुढे नोंदींचा आकडा, मग ओळ 1 ते 6 एकत्र करा, त्यांना 9शी जोडा. कुठे माशी शिंकली ते लगेच दिसतं. पबमेडच्या हिस्टरीतही हे होतं, पण चुलीवर कुकर लावल्यासारखं. दुसरं म्हणजे शब्दांमधलं अंतर. ओविडमध्ये ‘एडीजे’ आणि आकडा लिहिला की दोन शब्द जवळपास असलेले लेख मिळतात, आणि शब्दाच्या शेवटी तारा (*) लावला की स्टिंग, स्टिंग्ज, स्टिंगिंग सगळं त्यातच येतं. पबमेडमध्ये ही अंतराची सोय 2022च्या अखेरीस आली, पण तिथे ताऱ्याबरोबर ती चालत नाही.

इथे मी स्वतः आपटले आहे. ओविडमधला 3 मी तसाच पबमेडमध्ये उचलून टाकला आणि आकडे जुळेनात म्हणून अख्खी दुपार घालवली. ओविडच्या 3 मध्ये दोन शब्दांच्या मध्ये फार तर दोन शब्द बसतात, पबमेडच्या 3 मध्ये तीन. ओविडच्या 3 ला पबमेडमध्ये 2 लिहायचं. हे आता चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलं आहे.

तर मुलांनो, सिनॉप्सिसला आणि रोजच्या पेशंटच्या प्रश्नाला पबमेड पुरेसं आहे. ओविडचं लॉगिन मिळालं नाही म्हणून अडून बसू नका. आणि पबमेडमध्ये लेख उघडला नाही तर पबमेडला शिव्या देऊ नका, ती सूची आहे. पूर्ण लेख मिळणं हा सबस्क्रिप्शनचा प्रश्न. सरकारी कॉलेजांना जानेवारी 2025 पासून केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेतून 30 प्रकाशकांची जर्नल्स मिळतात, तिथे आधी बघा.

सरांना उत्तर वेगळं दिलं. नुसत्या मेडलाइनसाठी पैसे भरत असू तर मला ते जिवावर येतं. तेवढ्याच पैशांत एम्बेस ही दुसरी वैद्यकीय सूची बसत असेल तर ती घ्या. औषधांवरचं आणि परिषदांमधल्या सारांशांचं जे पबमेडमध्ये नाहीच, ते तिथे आहे.

‘मग ओविड बंद करू या का?’ त्यांनी लगेच पेन काढलं.

मी म्हटलं, मार्चपर्यंत थांबा सर. भूलशास्त्रातल्या दोघींचा रिव्ह्यू अर्ध्यावर आहे, आणि त्यांच्या शोधाच्या 41 ओळी तिथे सेव्ह करून ठेवल्यात.